फ्रान्सच्या बर्फातले गाव आणि चित्राखालची ओळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातील बर्फाळ सुट्टीविषयी आपण जो सचित्र लेख छापला आहे, तो वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखाच्या मध्यभागी चार रकान्यांचे एक रंगीत छायाचित्र असून त्याखाली ‘आल्प्समधील पारंपरिक फ्रेंच खेडे’ अशी ओळ छापली आहे. चित्रात मात्र सपाट छपरांच्या, राखाडी सिमेंटच्या बहुमजली इमारती एका उघड्या बर्फाळ खोलगटात उभ्या दिसतात. ही जागा मी स्वतः पाहिली आहे. तिचे नाव फ्लेन. मार्सेल ब्रॉयर या नामांकित वास्तुविशारदाने १९६० च्या दशकात, जिथे पूर्वी उन्हाळ्यापुरती गुरे चरायला नेत असत अशा रानात, केवळ स्की करणाऱ्यांसाठी ती वसवली. तिला आधुनिक वास्तुकलेचा नमुना म्हणता येईल, आणि तेथे उघड्यावर पिकासो व द्युब्युफे यांच्या कलाकृतींवर आधारलेली मोठी शिल्पेही उभी आहेत. परंतु तिला पारंपरिक खेडे म्हणणे म्हणजे आमच्या बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीला पेशवेकालीन पेठ म्हणण्यासारखे आहे. ही चूक छापखान्यातली असती तर मी पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले नसते. संपूर्ण लेखच या दोन प्रकारच्या जागांमधला फरक न ओळखता लिहिलेला आहे, आणि आपल्या भागातून जे लोक आता आठ-दहा लाख रुपये खर्चून सहकुटुंब अशा सुट्टीला जाऊ लागले आहेत, त्यांना नेमका हाच फरक आधी कळायला हवा.

माझा या विषयाशी संबंध कसा आला, ते थोडक्यात सांगतो. उद्यमबागेत माझा टर्निंगचा लहान कारखाना आहे. फ्रान्समध्ये जिनिव्हाच्या शेजारी आर्व नदीचे खोरे आहे आणि त्यातल्या क्लूज या गावाच्या परिसरात लांब सळईतून बारीक सुटे भाग कातून काढणारे कारखाने शेकड्यांनी आहेत. अठराव्या शतकात तेथील शेतकरी बर्फाने घरात कोंडले गेले की खिडकीशी बसून घड्याळांचे भाग करीत आणि ते जिनिव्हाच्या घड्याळवाल्यांना पुरवीत; त्यातून हा धंदा वाढत गेला. १८४८ साली क्लूजमध्ये घड्याळकामाची शाळाच निघाली. या यंत्रांचे प्रदर्शन जवळच्या ला रोश-स्युर-फोरों येथे एक वर्षाआड मार्च महिन्यात भरते. २०२४ मध्ये मी ते पाहायला गेलो, आणि प्रदर्शन संपल्यावर मुलगा, सून, पाच वर्षांची नात व पत्नी यांच्यासह शेजारच्याच खोऱ्यातील सामोएं या गावी एक आठवडा राहिलो. नात बालवाडीत असल्याने परीक्षेची अडचण नव्हती. म्हणजे मी काही हौशी प्रवासी नव्हे. कामाला गेलेला माणूस चार दिवस मागे राहतो, तसा राहिलो.

सामोएं समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. आपले बेळगाव त्याहून थोडे अधिकच उंच भरेल. उंची तीच, पण आपण विषुववृत्तापासून सोळा अंशांवर आणि ते शेहेचाळीस अंशांवर. त्यामुळे आपल्याकडे डिसेंबरात कानटोपी घातली की भागते आणि तिकडे छपरे बर्फाखाली जातात. गावाच्या चौकात १४३८ साली लावलेले लिंडनचे झाड अजून उभे आहे. त्याच्या पोकळ बुंध्याभोवती बाके आहेत, समोर चर्च आहे, शेजारी दगडी खांबांचा जुना मंडईचा मांडव आहे आणि बुधवारी तेथे बाजार भरतो. या गावचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पाथरवट. जमीन थोडी, हिवाळा लांब, म्हणून वसंतात ते हत्यारे घेऊन परमुलखात किल्ले, पूल, कालवे बांधायला जात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी घरी परतत. १६५९ साली त्यांनी आपला संघ स्थापन केला. आजारी गवंड्याची शुश्रूषा आणि पोरांना चित्रकला व दगडकाम शिकवणे ही कामे तो संघ करी. त्यांची आपसात बोलण्याची एक खास बोलीही होती, म्हणजे मालकासमोर मजुरीची चर्चा करता यावी. आमच्या चंदगड-खानापूर भागातल्या ज्या घरांतले कर्ते पुरुष वर्षातले आठ महिने मुंबईत किंवा गोव्यात असतात, त्या घरांना हे जगणे परके वाटणार नाही.

माझी पत्नी खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावातली. तिने स्कीला हात लावला नाही, पण गावातली जुनी घरे तिने माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिली. खाली दगडी भिंती, त्यांत एका बाजूला माणसे व दुसऱ्या बाजूला गुरे, वर लाकडी माळा आणि माळ्यावर संपूर्ण हिवाळ्याची वैरण. गुरांची ऊब घरात राही आणि वैरणीच्या थरामुळे ती वर निसटत नसे. तिच्या माहेरच्या जुन्या घरातही गोठा असाच घराच्या आत आहे. तिथे कारण चार महिन्यांच्या पावसाचे, इथे बर्फाचे. छपराच्या वळचणी भिंतीच्या बाहेर चांगल्या हातभर आणि त्यांखाली चुलीची लाकडे एकावर एक रचलेली. घरापासून थोडे दूर, चार दगडांवर उचललेले एक लाकडी खोपट असते, त्याला माझो म्हणतात. त्यात बियाणे, सणाचे कपडे आणि जमिनीचे कागद ठेवत. घर लाकडाचे, आत सतत विस्तव; जळालेच तर घर जाईल, पण बी आणि सातबारा वाचेल, असा त्यामागचा हिशेब. (सातबारा हा शब्द पत्नीचा.) आज त्यांतल्या अनेक खोपटांत दोन माणसांची भाड्याची खोली झाली आहे, हेही खरे.

सीमाभागातला माणूस कुठेही गेला तरी सीमेची चौकशी करतोच. सामोएं ज्या सॅव्हॉय प्रांतात आहे तो १८६० पर्यंत फ्रान्सचा नव्हता. तो पिडमाँट-सार्डिनियाच्या राजाचा होता, आणि त्या वर्षीच्या तहानंतर जनमत घेऊन तो फ्रान्सला जोडण्यात आला. ज्या उत्तर भागात सामोएं येते तिथल्या लोकांचा सारा व्यापार जिनिव्हाशी असल्याने त्यांच्या चिठ्ठ्यांवर नुसते ‘होय’ नव्हते, तर ‘होय आणि मुक्त क्षेत्र’, म्हणजे जकातमुक्त क्षेत्र, असे होते. जकातीची अट घालून दिलेली संमती! आमच्या हाती तर साधी चिठ्ठीसुद्धा आली नाही. पण तो या पत्राचा विषय नाही.

आता मुद्द्याकडे येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये सुट्टीत स्कीला जाणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा सरकारने १९६४ पासून एक मोठी योजना राबवली. उंचावर, जिथे बर्फाची खात्री आहे पण वस्ती नाही, अशा ठिकाणी सरळ नव्या वसाहती उभारायच्या. दारातून बाहेर पडले की पायाला स्की आणि उताराला सुरुवात. सोयीच्या दृष्टीने यात खोट काढता येत नाही. परंतु एप्रिल संपला की या वसाहतींतील बहुतेक दारे बंद होतात, आणि वर्षातले काही आठवडेच वापरात असलेल्या सदनिकांना तिथली माणसे ‘थंड खाटा’ म्हणतात. पुढे डोंगर बोडके होण्याची ओरड झाली, १९७७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी धोरण बदलत असल्याचे जाहीर केले आणि १९८५ साली डोंगरी भागातील बांधकामावर बंधने घालणारा कायदा झाला. जुन्या गावांची गोष्ट उलट आहे. तिथे आधी गाव होते, शेते होती, शाळा व दफनभूमी होती, आणि स्की नंतर आली. सामोएंमध्ये स्कीची वाट थेट गावातून निघत नाही. सकाळी बुटांचे ओझे घेऊन गावाबाहेरच्या रोपवेच्या ठाण्यावर जावे लागते, आठ माणसांच्या पाळण्यात बसून १६०० मीटरच्या पठारावर पोहोचावे लागते आणि मग स्की पायात चढते. ज्याला हा रोजचा फेरा जाच वाटेल त्याने फ्लेनसारख्या वसाहतीतच राहावे. गंमत अशी की दोन्ही जागा एकाच स्की-क्षेत्राचा भाग आहेत, रोपवेच्या एकाच पासावर सुमारे २६५ किलोमीटरच्या वाटा मोकळ्या होतात, आणि २४८० मीटरच्या शिखरावरून निघालेली चौदा किलोमीटरची एक वाट तुम्हाला थेट सिक्स्ट नावाच्या दुसऱ्या जुन्या गावात आणून सोडते. आपल्या लेखकाने यांपैकी काय निवडावे याचा एक शब्दही लिहिलेला नाही.

लेखात असे म्हटले आहे की ‘स्कीइंगचा आनंद कोणीही अर्ध्या तासात घेऊ शकतो.’ हे वाचून मला हसू आले, कारण माझा पहिला अर्धा तास बूट चढवण्यातच गेला. स्कीचा बूट हा बूट नसून पायाचा साचा असतो. कठीण प्लॅस्टिकचे कवच, पोटरीपर्यंत उंच, त्यावर चार कड्या. घोटा वाकत नाही, म्हणून जिना उतरताना माणूस बदकासारखा चालतो. पण मला खरे कौतुक वाटले ते बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचे. पुढे एक जबडा, मागे एक जबडा, दोन्ही स्प्रिंगवर. माणूस पडला आणि पायाला ठराविक मर्यादेपेक्षा पीळ बसला की जबडा उघडतो, स्की सुटते आणि गुडघा वाचतो. स्की सुटताच तिच्या बाजूचे दोन दांडे बर्फात रुततात, म्हणजे मोकळी स्की खालच्या माणसावर जाऊन आदळत नाही. ही मर्यादा किती, ते स्क्रूने ठरवायचे असते आणि शेजारच्या छोट्या खिडकीत आकडा दिसतो. भाड्याच्या दुकानातला तंत्रज्ञ वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती शिकलेले आहात, एवढे विचारून तक्त्यावरून आकडा काढतो. पन्नाशी ओलांडली असेल तर तो एक पायरी खाली आणतो. मी तेथे एका सहप्रवाशाला चारचौघांत आपले वजन दहा किलोने कमी सांगताना पाहिले. वजन कमी सांगितले तर स्की नको तेव्हा सुटते आणि नवख्याने आपण पट्टीचे असल्याचे सांगितले तर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही. आमच्या कारखान्यात बोल्ट किती आवळायचा ते ठरवणाऱ्या टॉर्क रेंचचा आकडा मनाने ठरवणाऱ्याला मी घरी पाठवतो.

शिकण्याचेही तसेच आहे. फ्रान्समध्ये वाटांना चार रंग आहेत: हिरवी सर्वांत सोपी, मग निळी, मग लाल आणि शेवटी काळी. पहिले दोन दिवस आम्ही हिरव्याच्याही अलीकडे होतो, जिथे जमिनीवर सरकता पट्टा माणसाला चाळीस-पन्नास पावले वर नेतो आणि तो पुन्हा घसरत खाली येतो. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून नांगरासारखा त्रिकोण केला की वेग कमी होतो, ही पहिली विद्या. वाकायचे मागे नाही, पुढे. भीतीने माणूस मागे रेलतो आणि मागे रेलला की स्की त्याच्या ताब्यातून जाते. हे शिक्षकाने मला किमान वीस वेळा सांगितले. लाल जाकिटातले हे शिक्षक १९४५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच स्की शाळेचे. त्यांच्यातले अनेक जण त्याच खोऱ्यातले असून उन्हाळ्यात शेती किंवा सुतारकाम करतात. आमच्या शिक्षकाचा भाऊ क्लूजच्या एका कारखान्यात लेथवर आहे असे कळल्यावर आमची अर्धी शिकवणी सळया आणि हत्यारांच्या गप्पांत गेली. लहान मुलांचा वर्ग वेगळा असतो व त्यांच्या पायऱ्यांना प्यू-प्यू, अस्वलाचे पिल्लू, हिमकण अशी नावे आहेत. आमच्या नातीला शुक्रवारी अस्वलाच्या पिल्लाचे पदक मिळाले. मला काही मिळाले नाही. मात्र पाचव्या दिवशी मी एक संपूर्ण निळी वाट तीनदाच पडून उतरलो.

उतारावरचा एक नियम मला फार पटला. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचे. पुढचा माणूस कसाही वळो, कुठेही थांबो, जबाबदारी मागच्याची. आपल्या चोर्ला घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी असा नियम पुस्तकात आहे, तो इथे पाळला जातो एवढाच फरक. खुर्च्यांच्या रोपवेविषयीही दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. दोर सेकंदाला पाच मीटर वेगाने सतत धावत असतो आणि तरीही खुर्ची ठाण्यात शिरली की चालत्या माणसाच्या गतीने पुढे सरकते, कारण खुर्चीची पकड तेथे उघडून दोर सोडते, रबरी चाकांची रांग तिला हळू करते, माणसे बसली की पुन्हा वेग देते आणि पकड दोराला चावते. तासन्‌तास हे न चुकता चालते. पत्नीने मला त्या ठाण्यावरून दोनदा ओढून नेले.

खर्चाबाबत लेखातील आकडा फसवा आहे, कारण त्यात विमान आणि हॉटेल एवढेच धरले आहे. आम्ही गेलो तेव्हा प्रौढ माणसाचा सहा दिवसांचा पास सुमारे ३०० युरोंना होता. त्यावर स्की, बूट व हेल्मेटचे भाडे, शिक्षकाची फी, पाण्यात भिजणार नाही अशी विजार आणि हातमोजे हे सारे वेगळे. गावातली बहुतेक भाड्याची घरे शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. मधल्या वारी पोहोचणाऱ्याला जागा मिळणे अवघड. फेब्रुवारीत फ्रान्समधील शाळांना तीन विभागांत पाळीपाळीने सुट्ट्या असतात आणि त्या चार आठवड्यांत भाडे चढते व पट्ट्यावर रांग लागते. आम्ही मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होतो, म्हणून सुटलो. शेंगेन व्हिसासाठी आता प्रौढांना ९० युरो शुल्क आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण हा साधा प्रवास विमा घेऊन निश्चिंत राहू नये, कारण बहुतेक साध्या विम्यांत स्की वगळलेली असते आणि ती जादा हप्ता भरून घालून घ्यावी लागते. वाटेवर पाय मोडला तर बचाव पथक स्लेजवरून खाली आणते, त्याचे बिल फ्रान्समध्ये रुग्णाच्या नावे निघते.

जेवणाबाबत लेखकाने ‘शाकाहारींची चैन’ असे लिहिले आहे. यात अर्धे तथ्य आहे. डोंगरी पदार्थ म्हणजे चीज, बटाटा आणि पाव. तेथील रब्लोशों चीजची कथा आपल्याकडच्या खंडाने म्हैस सांभाळणाऱ्यांना आवडेल. जमीनदार दुधाच्या मापावर भाडे घेई, म्हणून कुळे त्याच्या माणसासमोर धार अर्धवट काढत आणि तो गेल्यावर पुन्हा बसून राहिलेली दाट धार काढत. त्या चोरट्या दुधाचे चीज ते हे, आणि नावाचा अर्थही ‘पुन्हा पिळणे’ असाच. बटाट्यांवर हे चीज वितळवून जो तार्तिफ्लेत करतात, तो पुरातन म्हणून खपवला जात असला तरी प्रसिद्ध झाला तो १९८० च्या दशकात, रब्लोशोंचा खप वाढावा म्हणून. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ते नकोत असे आधी सांगावे लागते. आणि पारंपरिक चीज विरजताना वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, हे आपल्याकडच्या जैन व लिंगायत कुटुंबांना कोणी सांगत नाही. आम्ही भाड्याच्या घरात स्वयंपाक करत होतो. कुकर सोबत नेला होता, पत्नीने भात आणि शेंगदाण्याची आमटी केली.

आता जी गोष्ट मला अधिक खटकते ती. आपल्या शहरातील एका पर्यटन कंपनीमार्फत माझे मेहुणे गेल्या वर्षी सहकुटुंब युरोपला गेले. जाहिरातीत ‘आल्प्समध्ये स्कीइंगसह’ असे ठळक अक्षरांत होते. प्रत्यक्षात बसने त्यांना एका उंच जागी नेले, भाड्याचे डगले दिले, रबरी टायरवरून दोन घसरगुंड्या झाल्या, स्की हातात धरून फोटो झाला आणि पंचेचाळीस मिनिटांत बस पुढच्या शहराकडे निघाली. स्की पायात चढलीच नाही. तक्रार केल्यावर ‘हवामान’ असे उत्तर आले. बर्फ बघायला जाणे यात कमीपणा काही नाही. आमचे अर्धे घर त्यासाठीच गेले होते. मात्र बर्फ बघण्याला स्कीची सुट्टी म्हणून विकणे ही लबाडी आहे. स्कीची सुट्टी म्हणजे एका गावात सहा दिवस राहून रोज सकाळी नऊ वाजता वर्गाला हजर राहणे, संध्याकाळी मांड्यांना मलम चोळणे आणि चौथ्या दिवशी एकाच बेकरीत चौथ्यांदा गेल्यावर तिथल्या बाईने आपण होऊन तोच पाव पुढे करणे. आठ दिवसांत सहा देश या हिशेबात ती बसत नाही. आपल्या लेखाच्या शेवटी ज्या सहलीचे आवाहन आहे ती नेमकी त्या प्रकारची असल्याने, हा लेख आहे की जाहिरात याचा खुलासा वृत्तपत्राने करावा असे मला वाटते. लेखकाचा प्रवास कोणाच्या खर्चाने झाला, एवढी एक ओळ पुरे.

ज्यांना युरोपचा खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी लेखात काहीच नाही, हेही लक्षात आले. गुलमर्ग आणि औली येथे हिवाळ्यात स्की शिकता येते, आणि हा खेळ भारतीयांना अगदीच परका नाही. १९६८ साली फ्रेंच आल्प्सच्याच पायथ्याशी ग्रेनोबल येथे भरलेल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे जेरेमी बुजाकोव्हस्की हे एकटे स्कीपटू उतरले होते. त्याआधी १९६४ मध्येही तेच. २०२२ च्या बीजिंग स्पर्धेत आपल्याकडून गेलेले एकमेव खेळाडू आरिफ खान हे काश्मीरचे स्कीपटूच.

‘हे स्वर्ग कायम आहेत, कधीही जा’ या वाक्याला मात्र माझा आक्षेप आहे. मार्चमध्ये आम्ही होतो तेव्हा सामोएंच्या चौकात बर्फ नव्हता. लिंडनखाली ओली माती आणि शेतांत पिवळे गवत दिसत होते. बर्फ वर, पठारावर. तेथील वयस्कर माणसे लहानपणी घराच्या दारातून स्की करत शाळेला गेल्याचे सांगतात. कमी उंचीवरच्या जागांचा बर्फ आटत चालला आहे. जुरा पर्वतातील मेताबिएफ या ठिकाणाने २०३० ते २०३५ च्या सुमारास स्की बंद करण्याची तयारी आधीच जाहीर केली आहे. कृत्रिम बर्फाच्या तोफा आहेत, पण त्या पाणी आणि दाबलेली हवा मिळून तुषार उडवतात व ते गोठायला हवा शून्याच्या खालीच लागते; शिवाय पाणी साठवायला तलाव हवा. शेजारच्या ला क्लुसा गावाने जंगलात असा तलाव खोदण्याचे ठरवले तेव्हा आंदोलकांनी झाडांवर मुक्काम ठोकला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने परवानगीला स्थगिती दिली. कणकुंबीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आम्हा लोकांना ही भाषा ओळखीची वाटते. आणि तरीही २०३० चे हिवाळी ऑलिम्पिक फ्रेंच आल्प्सलाच देण्यात आले आहे.

माझी आपणांस एवढीच विनंती आहे की पुढील रविवारी त्या छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी आणि तिथे ‘फ्लेन, १९६० च्या दशकात वसवलेली स्की-वसाहत’ असे छापावे. पारंपरिक गावाचे चित्र हवे असल्यास सामोएंच्या लिंडनचे, चर्चचे, दोन माझोंचे आणि एका स्कीच्या पकडीचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत; ते विनामूल्य पाठवतो. पकडीचा फोटो छापला नाही तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक
उद्यमबाग, बेळगाव